एवढ्याशाने काय होतंय?

गेले दोन वीकेंड इथे शुकशुकाट होता. कारण सांगायला थोडी लाज वाटतेय, पण सांगतोच. मी लिहिलेल्या एका ओळीची चूक निस्तरत बसलो होतो. ओळ साधी होती: फ्रेमचा क्रमांक गुणिले ३३. बस्स.

आमच्या टीमकडे एका अमेरिकन कॉलेजचं काम आहे. त्यांच्या वर्गातल्या लेक्चर्सचे व्हिडिओ येतात, आम्ही त्यांना सबटायटल्स लावून परत पाठवतो. ही लेक्चर्स बघणाऱ्यांत ऐकू न येणारे विद्यार्थीही आहेत. त्यातल्याच एकाची तक्रार फिरत फिरत आमच्यापर्यंत पोचली. सुरुवातीला सगळं ठीक असतं, पण तासाच्या शेवटी सर फळ्यावर समीकरण लिहायच्या आधीच त्याचं स्पष्टीकरण खाली येऊन निघून गेलेलं असतं.

मोजून बघितलं. एका तासाच्या शेवटी सबटायटल्स जवळजवळ ४० सेकंद पुढे पळत होती.

आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू. "आमची सबटायटल्स भविष्य सांगतात" वगैरे विनोदही झाले. मग लक्षात आलं की ऐकू येणाऱ्याला हा घोटाळा पाच-दहा मिनिटांत कळला असता. कान एक सांगतायत आणि अक्षरं दुसरंच, म्हणजे फाइल गंडली आहे. त्या मुलाकडे पडताळून बघायला दुसरं काहीच नव्हतं. दोन लेक्चर्स त्याला वाटत राहिलं की आपलंच लक्ष लागत नाहीये. हे वाचल्यावर मात्र हसू पळालं.

तर ती ओळ. अमेरिकन व्हिडिओत सेकंदाला २९.९७ फ्रेम असतात, म्हणजे एक फ्रेम साधारण ३३.३७ मिलिसेकंद टिकते. मी लिहिलं ३३. मिलिसेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा सोडला. म्हटलं, एवढ्याशाने काय होतंय? आता गुणाकार करा. एका तासात अशा १,०७,८९२ फ्रेम असतात. प्रत्येकीमागे ०.३६७ मिलिसेकंद सोडले की तासाला ३९.६ सेकंद जातात. चौथीतल्या पोराला जमेल असं गणित, पण मी ते केलंच नव्हतं.

बरं, टेस्टिंगमध्ये हे कसं सुटलं? गंमत तिथेच आहे. आपल्याकडे १९८२ साली रंगीत टीव्ही आला तो पाल पद्धतीचा, सेकंदाला २५ फ्रेमचा. आमच्या ऑफिसातला कॅमेरा आणि टेस्टसाठी जमवलेल्या क्लिप्स, सगळं २५ चं. आणि १००० भागिले २५ म्हणजे बरोब्बर ४०. बाकी शून्य! आम्ही तीन-तीन तासांच्या फायली चालवून बघितल्या, चूकही शून्य. आम्ही खूश. चूक लपून बसायला पाल इतकी चांगली जागा नाही.

मग अमेरिकेला हा विचित्र आकडा कुणी दिला? आधी त्यांचंही गणित सरळ होतं, सेकंदाला ३० फ्रेम. १९५३ साली तिथे रंगीत प्रक्षेपणाची पद्धत मंजूर झाली. घरोघरचे कृष्णधवल संच तर चालू राहायला हवे होते. नव्या रंगाच्या लहरीची आणि आवाजाच्या लहरीची मारामारी होऊन पडद्यावर नक्षी दिसू नये म्हणून तिथल्या इंजिनियरांनी सगळा वेग एक हजारांशाने, नेमकं सांगायचं तर १०००/१००१ ने कमी केला. म्हणून २९.९७ हा आकडासुद्धा खरा नाही. खरा आकडा ३०,०००/१००१. सिनेमाचे २४ फ्रेम तिकडच्या टीव्हीसाठी २४,०००/१००१ होतात, त्याला आपण २३.९७६ म्हणतो. त्या कृष्णधवल संचांचं केव्हाच भंगार झालं, १००१ मात्र आजही आपल्या फायलींत नांदतोय.

आता प्रश्न असा की व्हिडिओची फाइल हा वेळ लिहून कशी ठेवते. चित्र आणि आवाज ज्या डब्यात एकत्र भरतात त्याला कंटेनर म्हणतात. एमपीफोर, एमकेव्ही ही नावं तुम्ही रोज बघता. प्रत्येक कंटेनर सेकंदाचे ठरावीक तुकडे करतो आणि त्या तुकड्यांत वेळ मोजतो. पट्टीवरच्या खुणांसारखं. प्रश्न एवढाच की तुमची फ्रेम खुणेवर पडते की दोन खुणांच्या मध्ये.

टीव्ही प्रक्षेपणात वापरतात त्या एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीममध्ये सेकंदाचे ९०,००० तुकडे असतात. हा आकडा हवेतून आलेला नाही. २५ च्या फ्रेमला ३६०० तुकडे, ३० च्या फ्रेमला ३०००, आणि २९.९७ ला बरोब्बर ३००३. (२३.९७६ ला मात्र ३७५३.७५. सगळ्यांना खूश करणं कुणालाच जमत नाही.) एमपीफोरमध्ये प्रत्येक ट्रॅक आपली पट्टी स्वतः निवडतो. सेकंदाचे ३०,००० तुकडे करा, प्रत्येक फ्रेमला १००१ द्या, काम तमाम. पण तिथे एक मेख आहे. एमपीफोर प्रत्येक फ्रेमची लांबी लिहितो, आणि वेळ काढायची तर लांब्यांची बेरीज करावी लागते. कुणी आळशीपणा करून हजाराची पट्टी घेतली आणि सगळीकडे ३३ लिहिलं, की माझीच चूक फाइलमध्ये कोरली गेली.

एमकेव्ही, म्हणजे मात्रोस्का, उलट वागतो. त्याची नेहमीची पट्टी मिलिसेकंदाचीच आहे. त्यावरून त्याला शिव्या घालणारे खूप आहेत. मी आज त्याची बाजू घेणार आहे. एमकेव्ही फ्रेमची लांबी जोडत बसत नाही, फ्रेम सुरुवातीपासून किती वेळाने येते ते लिहितो. खरी वेळ ३३.३७ असेल तर ३३, ६६.७३ असेल तर ६७, मग १००, १३३. प्रत्येक वेळ स्वतंत्रपणे गोल केलेली. त्यामुळे चूक अर्ध्या मिलिसेकंदाच्या पुढे जात नाही, मग फाइल एक मिनिटाची असो की सहा तासांची.

म्हणजे त्याचीही पट्टी जाडी आणि माझीही जाडी. त्याची चूक अर्ध्या मिलिसेकंदाची, माझी ४० सेकंदांची. फरक कुठे पडला? त्याने गोल केलं ते शेवटी. मी आधी गोल केलं आणि मग गुणलं.

हे वाचून कुणाला पंचांग आठवलं का? मला आठवलं. सरासरी तिथी असते २३ तास ३७ मिनिटांची, दिवसापेक्षा थोडी कमी. "एक तिथी म्हणजे साधारण एक दिवस" असं म्हणून जुन्या मंडळींनी नुसतं मोजत जायचं ठरवलं असतं तर वर्षभरात पौर्णिमा अष्टमीच्या आसपास भरकटली असती, कारण ३५४ दिवसांच्या चांद्रवर्षात तिथी ३६० असतात. त्यांनी तसं केलं नाही. चंद्र-सूर्य खरोखर कुठे आहेत याचं गणित मांडायचं, आणि सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाला द्यायची. एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच संपते, मग तिचा क्षय. एखादी दोन सूर्योदय पाहते, मग तिची वृद्धी. गोल करणं आहेच, पण रोज नव्याने. आजची चूक उद्याच्या खात्यात जात नाही. लहानपणी क्षयतिथी म्हणजे मला पंचांगवाल्यांचा सोयीस्कर घोळ वाटायचा. आता वाटतं, कंटेनर लिहिणाऱ्यांनी तिथे एक फेरी मारावी :-)

"सबटायटलच तर आहे, कुणाचा जीव जातोय का?" हे वाक्यही आमच्या मीटिंगमध्ये झालं. जीव गेलेलं उदाहरण आहे, आणि ते अगदी याच चुकीचं आहे. २५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबियातलं दाहरान. तिथली अमेरिकेची पेट्रियट यंत्रणा आतला वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजायची. मोजणी पूर्णांकात, एकदम बरोबर. पण त्याचे सेकंद करायला ०.१ ने गुणायचं, आणि ०.१ हा आकडा बायनरीत पूर्ण लिहिता येत नाही. २४ बिटांत बसेल एवढा ठेवून पुढचा छाटला होता. दर खेपेला सेकंदाच्या एक कोटीव्या भागापेक्षाही कमी चूक. यंत्रणा १०० तास सलग चालू होती. चूक झाली ०.३४ सेकंद, आणि तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त जातं. यंत्रणा आकाशात चुकीच्या जागी बघत राहिली. २८ सैनिक गेले. सुधारलेलं सॉफ्टवेअर तिथे पोचलं दुसऱ्या दिवशी.

त्याआधी "फार वेळ सलग चालवू नका" असा इशारा गेला होता. फार म्हणजे किती, ते त्यात लिहिलं नव्हतं. माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच. "फार वेळ", "थोडासा फरक", "नगण्य" हे आकडे नाहीत. किती वेळा, ते लिहिल्याशिवाय नगण्य या शब्दाला काही अर्थ नाही.

म्हणून माझं मत असं. गोल करायला हरकत नाही, पण ते सगळ्यात शेवटी आणि एकदाच करा. आतल्या हिशोबात अंश आणि छेद वेगळे ठेवा, १००१ आणि ३०,०००. दोन पूर्णांक आहेत, मेमरी खात नाहीत, भाडं मागत नाहीत. आमच्या टीममधला पहिला उपाय होता ३३ च्या जागी ३३.३७ लिहायचा. "तासाला फक्त ०.३६ सेकंद चुकेल, सबटायटलला चालतंय की." सबटायटलला खरंच चालेल. पण ती फाइल तिथे थांबत नाही. कुणी ती कापतं, जोडतं, दुसऱ्या कंटेनरमध्ये भरतं, आणि प्रत्येक जण आपल्या परीने "एवढंसं" सोडतो. एकदा अपूर्णांक टाकून दिला की परत मिळवणं कठीण. उदाहरण देतो: मिलिसेकंदात गोल केलेल्या ३० च्या आणि २९.९७ च्या क्लिपमध्ये पहिल्या सात फ्रेमच्या वेळा हुबेहूब सारख्या येतात. फरक दिसतो तो आठव्या फ्रेमला, २३३ आणि २३४. त्यावरून मूळ वेग ओळखायचा म्हणजे ठशांवरून चोर पकडण्यासारखं.

उलट बाजूही सांगायला हवी. पट्टी बारीक केली की सगळं सुटतं असं नाही. एमकेव्हीमध्ये फ्रेमची वेळ एका गटाच्या सुरुवातीपासून १६ बिटांत लिहितात, म्हणजे पुढे जास्तीत जास्त ३२,७६७ खुणा. मिलिसेकंदाच्या पट्टीत ते ३२ सेकंद होतात. पट्टी पन्नास पट बारीक केली तर पाऊण सेकंदसुद्धा नाही, आणि गटांची संख्या वाढत जाते. जाडी पट्टी ठेवण्यामागे कारण आहे. आणि नॅनोसेकंदातही १००१ चा हिशोब पूर्ण बसत नाही. २३.९७६ ची फ्रेम ४,१७,०८,३३३ नॅनोसेकंद आणि वर एक तृतीयांश. तो एक तृतीयांश सोडला तर तासाला चूक होते सुमारे २९ मायक्रोसेकंद. हे मात्र मी बिनधास्त सोडेन, कारण या वेळी गुणून बघितलंय. २०१८ मध्ये फेसबुकने तर फ्लिक नावाचं एककच जाहीर केलं, सेकंदाचा ७०,५६,००,०००वा भाग. त्यात २४, २५, ३० आणि त्यांची १००१ वाली भावंडं, सगळी पूर्णांकात बसतात. आपली २९.९७ ची फ्रेम म्हणजे नेमके २,३५,४३,५२० फ्लिक. बाकी शून्य.

आमच्याकडे आता अंश-छेद आले. टेस्टच्या फोल्डरमध्ये २९.९७ ची तीन तासांची क्लिप कायमची बसवली आहे, आणि "फरक किती" याऐवजी "तीन तासांनी फरक किती" हा प्रश्न चेकलिस्टवर आला. जुनी सगळी लेक्चर्स पुन्हा काढून पाठवली, दोन वीकेंड त्यातच गेले. सोबत चूक आमची होती हे स्पष्ट लिहिलं, आणि ते त्या मुलापर्यंत पोचवा अशी विनंती केली. त्याला हे कळायला हवं होतं की त्याचं लक्ष जागेवरच होतं.

असो. चहा गार झाला. सोमवारी ऑफिसला गेलात की तुमच्या कोडमधला एखादा ३३ शोधून बघा. असतोच.