हरकत वेळेवर घ्या

रायपूरच्या युनियन कार्यालयात सभासद एक प्रश्न नेहमी विचारतात. निवाडा करणाराच विरोधात असेल, तर वरच्या कोर्टाकडून त्याला हटवता येते का? येते, पण कारण पक्के हवे आणि हरकत वेळेवर हवी.

आपल्याकडे वरचे कोर्ट न्यायाधीशाला सहसा ‘बाजूला व्हा’ म्हणत नाही. प्रकरणच दुसऱ्याकडे वर्ग करते. दिवाणी-फौजदारी प्रकरणांत आमच्याकडे हा अधिकार बिलासपूरच्या उच्च न्यायालयाला आहे. आपल्या नोकरीची प्रकरणे जातात त्या केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, १९८५ च्या कायद्याच्या कलम २५ प्रमाणे, अध्यक्ष एका पीठाचे प्रकरण दुसऱ्याकडे देऊ शकतात.

रणजित ठाकूर हा लष्करातला सिग्नलमन. त्याने अधिकाऱ्यांच्या वागणुकीची तक्रार वर केली. पुढे जेवणाचा हुकूम मोडला म्हणून १९८५ साली त्याचे कोर्टमार्शल झाले. तक्रार ज्याच्याविरुद्ध, तोच अधिकारी निवाड्याला बसला! एक वर्ष कैद आणि बडतर्फी. १९८७ साली सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. निवाडा करणाऱ्याला स्वतःचे मन साफ वाटून भागत नाही. समोरच्या माणसाला रास्त धास्ती वाटेल का, हे पाहायचे, असे कोर्टाने सांगितले.

दुसरा निकाल १९५७ चा, न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांचा. पुढे पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्ष झाले तेच हे. राजस्थानातील माणकलाल वकिलांची चौकशी करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष पूर्वी तक्रारदाराचा वकील होता. मंडळाची रचना चूक, हे कोर्टाने मानले. तरी माणकलाल हरले. सगळे ठाऊक असून ते चौकशीत गप्प बसले आणि अहवाल विरुद्ध गेल्यावर बोलले.

बंधूंनो, आपली भाकरी बहुतेक वेळा खात्याच्या चौकशीतच जाते. केंद्र सरकारच्या १९७२ च्या आदेशानुसार, चौकशी अधिकारी पक्षपाती असल्याचा अर्ज आला की चौकशी थांबवून तो अर्ज वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. टपालबंधूंनी हा आदेश जवळ ठेवावा. रेल्वेबंधूंनीही हरकत पहिल्याच तारखेला लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

मात्र निकाल विरुद्ध गेला म्हणून कोणावरही चिखल उडवू नका. नुसता संशय टिकत नाही. न्यायाधीशावर बिनबुडाचा आरोप केल्यास बेअदबीचा खटला अंगावर येतो. कागद असेल तर बोला, आणि शाखा सचिवाला घेऊन बोला.