कचेरीतील चोरटा सर्व्हर

संगणक कचेरीचा, वीज कचेरीची, जाळे कचेरीचे आणि त्यावर अहोरात्र चालणारा खेळ मात्र आपल्या मित्रमंडळाचा! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा हा नवा प्रकार. ‘माइनक्राफ्ट’सारख्या खेळात स्वतःचे जग उभारून त्यात चार स्नेह्यांना बोलवावयाचे, तर ते जग सांभाळणारा एक सर्व्हर कोठेतरी सतत चालू असावा लागतो. त्याची आज्ञावली विनामूल्य मिळते. घरचा संगणक रात्री बंद होतो, कचेरीतील पुष्कळदा होत नाही. मग कोपऱ्यातील एखाद्या यंत्रावर कोणास न सांगता ती चढवण्याचा मोह होतो. हा मोह समजण्यासारखा आहे. तो समर्थनीय आहे काय, हा प्रश्न निराळा.

खेळ म्हणजे यंत्राचा अपव्यय, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. संगणकाचा इतिहासच त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो. १९६२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत तरुणांनी ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला, तो संस्थेला देणगी मिळालेल्या पीडीपी-१ या यंत्रावर. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेतील केन टॉम्प्सन यांनी ग्रहगोलांमधून प्रवास करण्याचा एक खेळ लिहिला. मोठ्या संगणकावर त्याच्या एका डावाचा खर्च सुमारे ७५ डॉलर येई. म्हणून त्यांनी फारशी वापरात नसलेली पीडीपी-७ शोधून काढली, आणि त्याच यंत्रावर पुढे ‘युनिक्स’ प्रणालीचा जन्म झाला. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ व नंतर रिचर्ड बार्टल यांनी अनेकांनी एकत्र खेळावयाचा ‘मड’ हा खेळ घडवला. बाहेरच्या खेळाडूंना तेथे प्रवेश मिळे तो मध्यरात्रीनंतर, यंत्र मोकळे असताना.

या उदाहरणांवरून आजचे चोरटे सर्व्हरही निर्दोष ठरतात, असा युक्तिवाद कोणी करील. तो टिकणारा नाही. एसेक्समधील खेळ विद्यापीठापासून दडवलेला नव्हता. त्याच्या वेळा ठरलेल्या होत्या. शिवाय त्या काळच्या यंत्रावर घोटाळा झाला, तर तो बहुतांशी त्या यंत्रापुरता राही. आज कचेरीतील प्रत्येक संगणक इतर शेकडो संगणकांशी जोडलेला असतो. सर्व्हर चालवणे म्हणजे बाहेरच्या माणसांसाठी एक दरवाजा सतत उघडा ठेवणे होय. आणि ज्या दरवाजाची नोंदच नाही, त्यावर पहारा कोण ठेवणार?

हा धोका काल्पनिक नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग-फोर-जे’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या आज्ञासंचात एक भयंकर दोष उघडकीस आला. त्याची तीव्रता १० पैकी १० ठरवण्यात आली. ‘माइनक्राफ्ट’च्या सर्व्हरवर तर गप्पांच्या चौकटीत एक विशिष्ट ओळ टंकित केली, की परक्या माणसाला त्या यंत्रावर आपली आज्ञा चालवता येई! निर्मात्यांनी दुरुस्ती तातडीने दिली. परंतु दुरुस्ती पोहोचते ती नोंद असलेल्या यंत्रांपर्यंत. त्या दिवसांत जगभरचे संगणक-व्यवस्थापक कोणत्या यंत्रावर हा संच आहे, याच्या याद्या करीत होते. लपवलेला सर्व्हर अशा यादीत येत नाही. गुप्तता हीच त्याची सोय, आणि गुप्तता हाच त्याचा सर्वांत मोठा दोष.

यात होरपळतो कोण? ज्या कारकुनाच्या वेतनाचा तपशील शेजारच्या यंत्रावर आहे तो, ज्या विद्यार्थ्याचे गुण त्याच जाळ्यात साठवले आहेत तो. त्यांना ना खेळाची खबर, ना धोक्याची. आणि सर्व्हर बसवणारा जर स्वतःच संगणकांचा रखवालदार असेल, तर कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखे होते. आपल्याकडील माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या ४३ व्या कलमाचा सारा भर मालकाच्या वा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवर आहे, हेही विसरून चालणार नाही.

मात्र केवळ बंदीचे परिपत्रक काढून संस्थांची जबाबदारी संपत नाही. सर्व्हर उभारणे, तो सुरक्षित राखणे, बिघडल्यास दुरुस्त करणे हे उत्तम शिक्षण आहे. पुस्तक वाचून ते येत नाही. महाविद्यालयांना व कचेऱ्यांना एखादा जुना, निकामी ठरवलेला संगणक मुख्य जाळ्यापासून अलग ठेवून या कामासाठी सहज देता येईल. जबाबदार व्यक्तीचे नाव व वापराच्या वेळा ठरवून दिल्या, की पुरे. सरसकट नकार मिळाला, तर उत्साही तरुण अंधाराचा आश्रय घेणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

तरुणांनीही एक साधी कसोटी लावावी. आपण यंत्रावर काय चालवतो, हे वरिष्ठांना सांगण्याची तयारी आहे काय? असेल, तर आधी विचारावे. नसेल, तर ते चालवू नये. परवानगी मागण्यात फार तर नकार पदरी पडतो. न मागण्यात मात्र इतरांचा विश्वास पणाला लागतो, आणि तो पणाला लावण्याचा अधिकार आपणास कोणी दिलेला नसतो.