दरी रिकामी नव्हती

गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका प्रदर्शनात माझा एक फोटो लागला होता. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या कॅन्यन डी शे या दरीचा. स्पेलिंग पाहून आपण 'चेली' वाचतो, पण उच्चार 'शे' आहे. नवाहो लोकांच्या 'त्सेयी' या शब्दाचे, म्हणजे 'खडकाच्या आत'चे, ते स्पॅनिश वळणाने झालेले रूप. ऑक्टोबरातली दुपार, लाल भिंती, तळाशी पिवळीधमक झालेली कॉटनवूडची झाडे. बघणारे थांबत होते. एक ज्येष्ठ फोटोग्राफर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वा! माणसाचा मागमूस नाही कुठे." मी मान लवून शुक्रिया म्हणालो.

ते खोटे होते. त्या फोटोत डाव्या कोपऱ्यात एक शेत होते, शेताला तारेचे कुंपण होते आणि कुंपणाशी एक जुना पिकअप ट्रक उभा होता. ते सगळे मी मोटेलच्या खोलीत, पलंगावर बसून, बोटाने पुसले होते. एका मिनिटाचेही काम नाही. आजकालचे ॲप पुसलेल्या जागी झाडे आणि वाळूसुद्धा स्वतःच भरून देते.

आज त्या खोट्याबद्दल लिहितो आहे. एकट्या माझे असते तर मनातल्या मनात तौबा करून गप्प बसलो असतो. पण आपण सगळेच हौशी लोक हे करतो, आणि त्याला 'निसर्गप्रेम' म्हणतो.

आधी प्रकाशाचे देणे देऊन टाकतो, कारण तो खोटा नाही. जूनमध्ये भर दुपारी तिथला सूर्य क्षितिजापासून सुमारे ७७ अंशांवर असतो. वरून आग ओततो आणि खडक फिके पडतात. ऑक्टोबरच्या शेवटी तोच सूर्य दुपारी जेमतेम ४२ अंशांवर चढतो. ऊन तिरपे येते, खडकाची प्रत्येक खाच सावली टाकते. दरीच्या एका भिंतीवर ऊन पडते आणि तिथून उसळून समोरच्या सावलीतल्या भिंतीवर जाते. लाल खडकावरून आलेला प्रकाश लालच असतो, त्यामुळे सावलीतली भिंत आतून निखारा पेटल्यासारखी दिसते. शेजारीच, जिथे फक्त आकाशाचा उजेड पोहोचतो, तिथे निळसर छाया. त्यावर लोह-मँगनीजचे काळे ओघळ. पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या तोंडून 'सुब्हानअल्लाह' निघाले, आणि फिनिक्सहून पाच-सहा तास गाडी चालवून कंटाळलेला माझा भाचाही गप्प झाला. तेव्हा कोणी असे समजू नये की मी सौंदर्याविरुद्ध बोलतो आहे.

मी बोलतो आहे ते त्या पुसण्याबद्दल.

त्सेगी नावाच्या कड्यावर आम्ही उभे होतो. खाली नवाहो कुटुंबाचे शेत आणि त्यांचे पारंपरिक गोल घर, होगन, स्पष्ट दिसते. शेजारी फोटोग्राफरांचा एक घोळका ट्रायपॉड लावून उभा होता. ऊन अगदी जागेवर आले आणि खालून तो ट्रक धूळ उडवत आला. कड्यावर हळहळ पसरली. एकजण म्हणाला, "असू दे, नंतर काढून टाकू." सगळे हसले. मीही हसलो.

स्वतःच्या शेतावर निघालेला शेतकरी आमच्या फ्रेममध्ये घुसखोर ठरला होता. जरा शांतपणे विचार करा: घुसखोर कोण होते?

ही दरी सरकारी संरक्षित स्मारक आहे, १९३१ पासून. पण तिची जमीन नवाहोंची आहे. आजही तिथे कुटुंबे राहतात, मका लावतात, मेंढ्या पाळतात. दरी रिकामी दिसावी असा प्रयत्न यापूर्वी एकदा झाला होता, आणि तो कॅमेऱ्याने झाला नव्हता. जानेवारी १८६४ मध्ये किट कार्सनच्या हाताखालचे सैन्य या दरीतून गेले. धान्य जाळले, जनावरे मारली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात दुसरी तुकडी आली आणि नवाहोंनी पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेली पीचची हजारो झाडे तिने तोडली. उपासमारीने शरण आलेल्या लोकांना शेकडो किलोमीटर चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्के रेडोंडोच्या छावणीत नेले. तिथे आठ हजारांहून अधिक माणसे डांबली गेली आणि दोन हजारांहून अधिक मेली, असे सांगितले जाते. १८६८ च्या तहानंतर उरलेले परत आले आणि त्यांनी पुन्हा पीच लावले.

मी बोटाने जे शेत पुसले, ते परत आलेल्यांच्या वंशजांचे शेत होते.

कॅमेरा इथे आला तोही सैन्याच्या सर्वेक्षणाबरोबर. १८७३ मध्ये टिमथी ओ'सलिव्हनने दरीतल्या 'व्हाइट हाउस' या प्राचीन वस्तीच्या अवशेषांचा प्रसिद्ध फोटो काढला. न्यायाने सांगायला हवे की त्याच मोहिमेत त्याने मागावर बसलेल्या नवाहो विणकरांचाही फोटो काढला. म्हणजे माणसे त्याला दिसत होती. १९०४ मध्ये एडवर्ड कर्टिसने इथल्याच भिंतींखालून जाणारे घोडेस्वार टिपले; पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका फोटोला त्याने नाव दिले 'नामशेष होणारी जमात'. आज नवाहो नेशनची नोंदणीकृत लोकसंख्या चार लाखांच्या घरात आहे! याच कर्टिसने पुढे दुसऱ्या एका जमातीच्या तंबूतला फोटो छापताना दोन माणसांच्या मध्ये ठेवलेले घड्याळ पुसून टाकले. त्याला 'अस्सल' आदिवासी हवे होते, आणि अस्सल माणसाकडे घड्याळ कसे असेल? त्याला घड्याळ खुपले, मला ट्रक. फरक काय?

भले लोकही यातून सुटलेले नाहीत. एलियट पोर्टर हा रंगीत निसर्गछायाचित्रणाचा मोठा माणूस. दरीतल्या उसळत्या प्रकाशाचे रंग बघायला आपल्याला शिकवले ते बरेचसे त्याच्या फोटोंनी. धरणामुळे बुडणाऱ्या ग्लेन कॅन्यनवर १९६३ मध्ये त्याचे पुस्तक आले. हेतू चांगला होता, धरणाविरुद्धचा तो आक्रोशच होता. पण नावाचा अर्थ पाहा: 'कोणालाही माहीत नसलेली जागा'. कोणालाही? नवाहो आणि पायूट लोकांचा त्या दऱ्यांशी पिढ्यांचा संबंध आहे. त्यांना 'कोणी' म्हणायचे नाही का? पुढच्याच वर्षी अमेरिकेने रानभूमीचा कायदा केला आणि त्यात अशा जमिनीची व्याख्या केली की जिथे माणूस पाहुणा असतो, वस्तीला राहत नाही. ती व्याख्या आपल्या डोळ्यांत इतकी मुरली आहे की राहणारा माणूस दिसला की आपल्याला फोटो बिघडल्यासारखा वाटतो.

आता आक्षेपांकडे येतो. माझे मित्र दोन आक्षेप हमखास घेतील.

पहिला: फोटो म्हणजे निवडच असते, चौकटीत सगळे कसे येणार? मान्य. लेन्स भिंतीकडे वळवा, फक्त खडक आणि प्रकाश घ्या. कोणाची हरकत असणार? पण चौकटीबाहेर ठेवणे आणि चौकटीतून पुसून टाकणे एक नव्हे. आणि वर फोटोखाली 'मानवी स्पर्श नसलेली भूमी' असे लिहिणे ही तर निवडही नाही, ती साक्ष आहे. खोटी साक्ष.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नवाहो स्वतःच सांगतात की परवानगीशिवाय आमचे, आमच्या घरांचे फोटो काढू नका. मग पुसले तर आदरच झाला की! मलाही काही दिवस या युक्तिवादाने झोप आली. पण परवानगी मागायला माणसासमोर उभे राहावे लागते, त्याचे 'नाही' ऐकावे लागते. पुसायला काहीच करावे लागत नाही. नको म्हटले तर घर दाखवू नका. पण ते घर नाहीच, असे का सांगता?

हे मला दुसऱ्या दिवशी कळायला हवे होते. दरीच्या तळाशी नवाहो गाईडशिवाय जाता येत नाही. आमची गाईड पन्नाशीची बाई होती. तिथेही मी पहिल्याच पावलाला चुकलो. ॲरिझोना राज्य उन्हाळी वेळ पाळत नाही, नवाहो नेशन पाळते. त्यामुळे ऑक्टोबरात त्यांचे घड्याळ फिनिक्सच्या एक तास पुढे असते. सूर्य किती वाजता कुठल्या अंशावर येईल हे मी महिनाभर पाठ केले होते. ज्यांच्या घरी चाललो आहे त्यांच्या घड्याळात किती वाजले, हे विचारायचे सुचले नव्हते. ती तासभर थांबली होती. रागावली नाही.

वाटेत मी मोठ्या उत्साहाने तिला आदल्या दिवशीचा फोटो फोनवर दाखवला. तिने बराच वेळ पाहिला. मग डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवून विचारले, "इथलं शेत कुठे गेलं?"

मी काहीतरी पुटपुटलो. भाचा हळूच म्हणाला, "मामू, सांगा ना." मी सांगितले नाही. तिने फोन परत दिला आणि पुढे चालू लागली. आणि एवढे होऊनही, तीन महिन्यांनी मी तोच फोटो पुण्यात लावला. कारण तो 'जास्त चांगला' दिसत होता.

काहीजण गाईडच्या सक्तीवरही कुरकुरतात. ऐन उजेडात हाकतात, पैसे घेतात, वगैरे. त्यांनी पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यनची आठवण ठेवावी. तीही नवाहोंचीच भूमी. १२ ऑगस्ट १९९७ ला तिथल्या अरुंद घळीत पुराचा लोंढा घुसला आणि अकरा पर्यटक गेले. पाऊस घळीवर नव्हे, काही मैल दूर पडला होता. प्रकाश कोणालाही दिसतो. पाणी कुठून येईल हे तिथे राहणाऱ्याला कळते.

"आपल्याला काय त्याचे? ते अमेरिकेचे भांडण," असे म्हणणाऱ्यांनी स्वतःचे फोटो काढून पाहावेत. सांदण दरीच्या किती फोटोंखाली साम्रद गावाचे नाव असते? वाट दाखवणारा, दोर धरणारा, रात्री पिठलं-भाकरी वाढणारा त्या गावचा माणूस कुठल्या फ्रेममध्ये असतो?

माझे मागणे फार नाही. फोटोखाली जागेचे नाव लिहा आणि जमीन कोणाची तेही लिहा. वाट दाखवणाऱ्याला विचारून त्याचे नाव द्या. आणि चौकटीत शेत आले, तर राहू द्या. तिरपे ऊन शेतावरही तितकेच सुंदर पडते. मूळ फोटोत तो ट्रकसुद्धा सोन्यासारखा चमकतो आहे.

मी मूळ फोटो पुन्हा छापायला टाकला आहे, कुंपण आणि ट्रकसकट. पुढच्या प्रदर्शनात तोच लागेल. ज्येष्ठ मित्रांनी अवश्य यावे आणि डावा कोपरा पाहावा.