धंद्यासाठी व्हिसा की व्हिसासाठी धंदा?

परदेशगमन हा आपल्या वाचकांस नवा विषय नव्हे. ज्या घरातून कोणी ना कोणी सामान बांधून निघून गेलेले नाही, असे घर आपल्या समाजात विरळाच. तरीही या विषयावर लेखणी उचलावी, असा एक प्रसंग २०२५ च्या दिवाळीच्या सुटीत आमच्याच ओटीवर घडला.

आमचा एक जुना विद्यार्थी हातात जाड फाइल घेऊन आला. ठाण्याजवळ त्याचा फराळाच्या जिनसांचा लहानसा कारखाना आहे. चकली, शेव, चिवडा तयार होऊन आसपासच्या दुकानांत जातो आणि सहा माणसांची चूल त्यावर पेटते. त्याचा धाकटा भाऊ न्यूझीलंडात, ऑकलंड शहराच्या दक्षिण अंगास टाकानिनी नावाचे उपनगर आहे, तेथे एका गोदामात नोकरीस आहे. "सर, मीही तिकडेच जाणार. स्टार्टअप व्हिसा मिळतोय. एवढं इंग्रजी तपासून द्या," असे म्हणून त्याने फाइल पुढे केली.

मास्तरकीची सवय म्हणून आम्ही लाल पेन घेऊन बसलो. चाळीस पानांचा तो धंद्याचा आराखडा होता. इंग्रजीत चूक अशी फारशी नव्हती. पण चाळीस पानांत चकलीचे नाव कोठे नव्हते! होते ते 'आयात-निर्यात' व 'डिजिटल सेवा' यांविषयीचे मोठमोठे शब्द. "हे तू लिहिलेस?" आम्ही विचारले. "नाही सर, एजंटनं तयार दिलंय." दुकानाचे भाडे किती, गिऱ्हाईक कोण, पहिल्या वर्षी तोटा आला तर काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. एजंटाच्या फीचा पहिला हप्ता मात्र गेलेला होता. पुढच्या रकमेसाठी वडिलांची अलिबागजवळची नारळी-पोफळीची वाडी विकण्याची बोलणी चालू होती.

आम्ही चार दिवस ती फाइल ठेवून घेतली आणि न्यूझीलंड सरकारने प्रसिद्ध केलेले नियम वाचून काढले. जे कळले ते वाचकांपुढे ठेवणे आम्हांस आमचे कर्तव्य वाटते.

पहिली गोष्ट अशी की, 'स्टार्टअप व्हिसा' या नावाचा वर्ग त्या देशाच्या नियमांत नाही. लोक ज्याला त्या नावाने ओळखत, तो 'आंत्रप्रुनर वर्क व्हिसा' २०१४ साली सुरू झाला. त्यात किमान एक लाख न्यूझीलंड डॉलर भांडवल, धंद्याचा आराखडा आणि १२० गुण लागत. पहिले बारा महिने धंदा उभा करावयास मिळत, मग पुढची मुदत. ऑकलंडबाहेर धंदा काढणाऱ्यास नोव्हेंबर २०१५ पासून चाळीस जादा गुण मिळू लागले. आमच्या विद्यार्थ्याच्या फाइलीत हे चाळीस गुण धरलेले होते आणि दुकान मात्र टाकानिनीत दाखविलेले होते! टाकानिनी पूर्वी पापाकुरा जिल्ह्यात होते. पण १ नोव्हेंबर २०१० पासून तो जिल्हा ऑकलंड नगरपालिकेत विलीन झालेला आहे. ते चाळीस गुण हवे असते, तर दक्षिणेस मोटारीने अर्ध्या तासाच्या आतबाहेर असलेल्या बॉम्बे हिल्स ओलांडून पलीकडच्या पोकेनो गावी जावे लागले असते. ज्याने हा आराखडा केला, त्याने नकाशाही उघडून पाहिला नव्हता.

पण ही चूक तरी किरकोळच म्हणावयाची. कारण तो व्हिसाच ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या अर्जांस बंद झाला होता. त्याच्या जागी जाहीर झालेला 'बिझनेस इन्व्हेस्टर व्हिसा' नोव्हेंबरअखेर सुरू व्हावयाचा होता. म्हणजे आमचा विद्यार्थी फाइल घेऊन आला त्या दिवशी जुने दार लागलेले होते आणि नवे उघडलेले नव्हते. फी मात्र घेतली जात होती.

नवे दार कसे आहे? दहा लाख डॉलर गुंतविणाऱ्यास तीन वर्षांनी कायम वास्तव्याची वाट. वीस लाख गुंतविणाऱ्यास बारा महिन्यांनी. त्याशिवाय पाच लाख डॉलर उदरनिर्वाहासाठी शिल्लक असले पाहिजेत. वय पंचावन्नच्या आत हवे. आणि मुख्य अट ही की, नवा धंदा काढावयाचा नाही. निदान पाच वर्षे चाललेला, निदान पाच पूर्णवेळ नोकर असलेला धंदा, सर्व किंवा काही हिश्शाने, विकत घ्यावयाचा. कोपऱ्यावरची किरकोळ दुकाने, ज्यांना तिकडे 'डेअरी' म्हणतात व जी चालवून अनेक गुजराती आणि पंजाबी कुटुंबे तेथे उभी राहिली, ती यात चालत नाहीत. फास्ट फूडची दुकाने व घरबसल्या चालविलेले उद्योगही चालत नाहीत.

दहा लाख डॉलर म्हणजे आपले पाच कोटी रुपयांहून अधिक. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरच बाहेर पाठविता येतात. ही रक्कम त्याच्या दुपटीहून मोठी आहे. वाडी विकून हा हिशेब कसा जमावा?

आता आमचे मत. व्याकरण शिकविणाऱ्यास शब्दाचा नेमका अर्थ विचारण्याची खोड असते. जो नवे काही उभे करतो तो उद्योजक. जो चालते दुकान किल्लीसकट विकत घेतो तो खरेदीदार. न्यूझीलंडने उद्योजकासाठी ठेवलेले दार लावून खरेदीदारासाठी उघडले आहे. आणि असे करणारा तो एकटा देश नव्हे. ब्रिटनने आपला स्टार्टअप व्हिसा एप्रिल २०२३ मध्ये बंद केला आणि कॅनडाने २०२५ च्या अखेरीस आपल्या स्टार्टअप योजनेत नवे अर्ज घेणे थांबविले.

यजमानास दोष देणे सोपे आहे; पण आपल्या अंगणात कोण यावे हे ठरविण्याचा त्यास अधिकार आहे, आणि त्याचा संशय निराधार आहे असेही आम्हांस म्हणवत नाही. चाळीस पानांची ती फाइल आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. धंदा करावयाचा म्हणून व्हिसा मागणारा एक आणि व्हिसा हवा म्हणून धंद्याचे सोंग करणारे पाच, असे झाले तर अधिकाऱ्याने करावे काय? आमचा आक्षेप त्याने निवडलेल्या मापाविषयी आहे. ज्या उत्तरास गुण देणे सोपे, तोच प्रश्न परीक्षेत घालावयाचा, हा आम्हां शिक्षकांचा जुना दोष आहे. कसब मोजणे कठीण आणि थैली मोजणे सोपे, म्हणून थैली मोजली गेली.

खुद्द टाकानिनीचा इतिहास या मापाविरुद्ध साक्ष देतो. त्या जागेस इहाका टाकानिनी या माओरी प्रमुखाचे नाव आहे. १८६३ साली वाइकाटोच्या युद्धाच्या तोंडावर सरकारने त्यास अटक केली आणि कैदेत असतानाच १८६४ साली राकिनो बेटावर त्याचा अंत झाला. त्याच १८६३ साली 'बॉम्बे' नावाचे जहाज वसाहतकरी घेऊन ऑकलंडास लागले. त्यांच्या वसाहतीस जहाजाचेच नाव पडले. वर सांगितलेल्या बॉम्बे हिल्स त्या याच. आपल्या मुंबईचे नाव तेथे पोचले ते असे, आणि कोणाची जमीन गेल्यावर कोणास मिळाली हेही त्या भूमीने पाहिले आहे.

पुढे १८९० च्या सुमारास फुमन सिंग नावाचा पंजाबी गृहस्थ त्या देशात गेला. भांडवल काय, तर हातातले कसब. मिठाई करून विकण्याच्या धंद्यावर त्याने पामरस्टन नॉर्थ येथे बस्तान बसविले. त्याच्यामागून येणाऱ्यांसाठी मात्र दारे अरुंद होत गेली. १८९९ च्या कायद्याने युरोपीय भाषेत अर्ज लिहून दाखविणे आवश्यक केले आणि १९२० च्या कायद्याने प्रवेश मंत्र्याच्या मर्जीवर सोपविला. टाकानिनीपासून जवळच असलेल्या पुकेकोहे येथे भारतीय व चिनी भाजीमळेवाल्यांविरुद्ध १९२६ साली संघटना उभी राहिली. मूळ देश पाहून निवड करण्याची रीत १९८६ च्या फेरविचाराने व १९८७ च्या कायद्याने मोडली.

आणि त्याच टाकानिनीत २००५ साली शिखांचे भव्य गुरुद्वार उभे राहिले. २०२० च्या टाळेबंदीत तेथून हजारो कुटुंबांस, जात-धर्म न पाहता, शिध्याची पाकिटे वाटली गेली. फुमन सिंगाजवळ दहा लाख डॉलर आहेत काय, असे त्या वेळी कोणी विचारले असते तर? आपले कोकणातील पूर्वज तरी काय घेऊन आले होते? घाण्याचे काम शिकले, तेल गाळून गावास पुरविले आणि गावाने त्यांस 'शनिवार तेली' म्हणून आपले मानले. थैली नसलेला माणूस देशास काय देऊन जातो, हे आरंभी मोजता येत नाही. म्हणून अशा माणसासाठी एखादी लहानशी खिडकी तरी उघडी असावी, असे आमचे मत आहे. संख्या थोडी असो, परीक्षा कडक असो, पण ती कसबाची असो.

ती खिडकी उघडेपर्यंत आपल्या तरुणांनी काय करावे? नियम आधी स्वतः वाचावेत आणि तो वर्ग आज उघडा आहे की नाही हे पाहावे. न्यूझीलंडच्या २००७ च्या कायद्यान्वये त्या देशाच्या व्हिसाविषयी सल्ला देणारास परवाना लागतो. वकिलांसारखे काही अपवाद आहेत. परवानाधारकांची यादी सर्वांस पाहता येते. त्यात नाव नसेल तर फी देण्यापूर्वी कारण विचारावे. आपल्या नावाने जाणारा आराखडा आपल्याला तोंडपाठ सांगता आला पाहिजे. येत नसेल तर तो आपला नव्हे.

दुसरे असे की, ज्याच्या हाती विद्या वा कारागिरी आहे, त्याने नोकरीच्या सरळ वाटेने जावे. नोकरीच्या व्हिसावर असताना स्वतःचा धंदा चालविता येत नाही, हे खरे. पण कायम वास्तव्य मिळाल्यावर धंदा काढण्यास निराळा व्हिसा लागत नाही. ही वाट लांबची असली तरी तीवर वडिलांची वाडी गहाण पडत नाही.

आणि तिसरे, जे आम्ही त्या विद्यार्थ्यास सांगितले. चकली टाकानिनीस जावी म्हणून चकली करणाराने तेथे जाऊन राहिलेच पाहिजे, असे कोठे आहे? खाद्यपदार्थांविषयी त्या देशाचे नियम कडक आहेत आणि तेथील आयातदार नोंदलेला असावा लागतो. पण ते नियम पाळून माल पाठविता येतो. भारत व न्यूझीलंड यांच्यातील मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचेही २२ डिसेंबर २०२५ रोजी जाहीर झाले. भावाने आधी तेथील दुकानांत कोणाची चकली कोणत्या भावाने विकली जाते, एवढे लिहून पाठवावे.

त्याने निमूटपणे फाइल परत घेतली. तो रागावला असेल, असे आम्हांस वाटले होते. परंतु महिन्याभराने भावाकडून आलेला दरांचा कागद घेऊन तो पुन्हा आला आणि या खेपेस आम्ही विचारलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्याने स्वतःहून दिली. दिलेला हप्ता परत मिळालेला नाही. वाडीची बोलणी मात्र थांबली आहेत.

आपल्या वाचकांपैकी ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांच्यापाशी अशा अनुभवांची शिदोरी मोठी आहे. कोणाची फसगत झाली असेल, तर ती लाजेने झाकून ठेवू नये. शेजारच्या घरात आज अशीच एखादी फाइल उघडून कोणी बसलेले असेल. त्यास दोन शब्द वेळेवर सांगावेत, एवढीच आमची विनंती.