घरच्या शाळेचं मस्टर



दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारी आला की आपल्या कासाई भागात एकच चर्चा. एप्रिलपासून मुलांना कुठे घालायचं? इंडियन स्कूल की जपानी शाळा? आणि हल्ली या दोन पर्यायांच्या मागे तिसराही हळूच येऊन उभा राहतो: घरीच शिकवलं तर? मग माझ्याकडे फोन येतो. "तुमची तर चार आहेत, तुम्ही कसं काय जमवता?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं म्हटलं. हे घरशाळेचं प्रचारपत्रक नाही आणि शाळांविरुद्ध तक्रारही नाही. माझा मुद्दा एकच आहे. या विषयावर आपण बोर्ड कुठलं, पुस्तकं कुठली, यावर तासन्‌तास बोलतो. पण रोज शिकवण्यात जे तास जातात ते कोणाचे, हे कोणी विचारत नाही. मोठ्या कुटुंबात तर सगळं गणित त्यावरच उभं असतं.

आधी कायद्याचं सांगते, कारण पहिली भीती तीच असते. जपानच्या राज्यघटनेतल्या २६व्या कलमाने मुलांना शाळेत पाठवण्याची सक्ती आहे ती जपानी नागरिकांवर. आपल्यासारख्या परदेशी पालकांना ती लागू नाही, पण अर्ज केला तर वॉर्डाच्या शाळेत फुकट प्रवेश मिळतो. (आईबाबांपैकी एक जण जपानी असेल आणि मूल जपानी नागरिक असेल तर गोष्ट वेगळी, तिथे नीट चौकशी करूनच पाऊल टाका.) घरशाळा नावाचा वेगळा प्रकार इथल्या कायद्यात नाहीच. शाळेपासून दूर राहणाऱ्या मुलांसाठी 'फुतोको' हा शब्द आहे. २०२३ च्या शैक्षणिक वर्षात नववीपर्यंतची अशी ३,४६,४८२ मुलं सरकारी मोजणीत निघाली. शाळेबाहेरच्या शिक्षणाचंही महत्त्व मान्य करणारा कायदा २०१६ च्या डिसेंबरात झाला तो याच मुलांच्या काळजीपोटी. आणि २०१९ मध्ये सरकारने पहिल्यांदाच परदेशी मुलांची पाहणी केली, तेव्हा सुमारे वीस हजार मुलं कुठल्याच शाळेत नसावीत असं दिसलं. तेव्हा वॉर्ड ऑफिसातून विचारणा आली तर वैतागू नका. ती माणसं आपलं काम करतायत. मुलं काय शिकतायत ते वहीसकट दाखवता आलं पाहिजे.

आता आमचं घर. मोठी तेरा वर्षांची, मग मुलगा दहाचा, मग आठ वर्षांची मुलगी आणि शेंडेफळ चार वर्षांचं. राहतो हिगाशी-कासाईत, जुन्या एदोगावा नदीच्या अलीकडे. नदी ओलांडली की टोकियो संपतं आणि चिबा सुरू होतं. टोकियोत २००४ मध्ये इंडिया इंटरनॅशनल स्कूल आणि २००६ मध्ये ग्लोबल इंडियन सुरू झाली, त्यामुळे आपल्यातल्या कितीतरी जणांचा प्रश्न सुटला. एका मुलाची फी पगारात बसते. दोघांची ओढूनताणून बसवता येते. चौघांची बसत नाही, हे साधं गुणाकाराचं गणित आहे. जपानी शाळा फुकट आणि चांगली, पण ह्यांचं कॉन्ट्रॅक्ट वर्षा-वर्षाचं. कोल्हापूरला कधी परतावं लागेल याचा भरवसा नाही आणि तेव्हा आठवीतली मुलगी फक्त कांजीत हुशार असून भागणार नाही. म्हणून घर.

घर म्हणजे प्रत्यक्षात एकशिक्षकी शाळा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्यांना चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल: एक फळा, चार इयत्ता आणि एक बाई. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक लागतात. आमच्या घरी मुलं चारच, पण दोन शिक्षक हा नियम आम्हीही पाळतो. सकाळी सहाला थोरलीचं बीजगणित, ते ह्यांच्याकडे. पावणेसातला तास संपतो आणि ते तोझाई लाईन पकडायला निघतात. (किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात २०१९ पर्यंत सकाळची गर्दी गाडीच्या क्षमतेच्या १९९ टक्के होती. त्याआधी पाऊण तास बीजगणित शिकवणाऱ्या माणसाला माझा नमस्कार!)

नऊला आमची हजेरी. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, त्यातलं मराठी आणि परिसर अभ्यास मी घेते. एकाला लिहायला बसवायचं, दुसरीचं वाचन ऐकायचं, तिसरीला अडलेलं सोडवायचं आणि धाकट्याला मणी ओवायला द्यायचे. कुकरच्या शिट्ट्या मोजणं हा त्याचा गणिताचा तास. साडेअकराला वह्या बंद. दुपारी एक दिवसाआड बाहेर. हिगाशी-कासाईची लायब्ररी आहेच. कासाई स्टेशनच्या पुलाखाली सबवे म्युझियम आहे. १९२७ साली धावलेला, आशियातल्या पहिल्या सबवेचा पिवळा डबा तिथे उभा आहे. मुलांना तिकीट शंभर येन, आणि गाडी चालवायचा सिम्युलेटर असल्यामुळे वेग-वेळ-अंतराची गणितं तिथे न ओरडता होतात. समुद्राकडे कासाई रिंकाई पार्क. त्याच्या पुढचा ओहोटीला उघडा पडणारा चिखलाचा पट्टा २०१८ मध्ये रामसर यादीत आला, टोकियोतला पहिलाच. हिवाळ्यात तिथे बदकांचे थवेच्या थवे उतरतात. वहीत रोजचा आकडा लिहायचा आणि महिन्याने आलेख काढायचा, हे आठ वर्षांच्या मुलीलाही जमतं. दुपारी रस्त्यात एखाद्या आजीबाई "गाक्को वा?" म्हणजे "शाळा?" असं हमखास विचारतात. आमचा मुलगा आता जपानीतून व्यवस्थित उत्तर देतो. तीनला शेजारची मुलं सुटतात, मग पाचची धून वाजेपर्यंत चौघंही मैदानावर.

वाचायला छान वाटतं ना? म्हणूनच पुढचं लिहायचं आहे. या दिवसाचं मस्टर मांडलं तर काय दिसतं? शिकवणं, तयारी आणि वह्या तपासणं मिळून आठवड्याला माझे तीस तास, ह्यांचे नऊ. स्वयंपाक, धुणी, दवाखाना यात धरलेलं नाही. इथे आजी-आजोबांना कायमचं आणता येत नाही, नातेवाईक म्हणून ९० दिवसांचा व्हिसा मिळतो आणि नव्वद दिवस डोळ्यांसमोरून भुर्रकन जातात. गावाकडे घरात चार मोठी माणसं असतात, म्हणून चार मुलं जड होत नाहीत. इथे तीच चार मुलं एका बाईच्या अंगावर येतात.

हे काही आजचं नाही. मराठी घरांतली सगळ्यात प्रसिद्ध घरशाळा म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे यांची. लोकांचा विरोध पत्करून त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. गंगामूळच्या जंगलात संसार थाटला आणि तिथे १८५८ साली त्यांची धाकटी मुलगी जन्मली, तीच पुढे पंडिता रमाबाई. शास्त्रीबुवा तोवर थकले होते, त्यामुळे रमाबाईंना शिकवलं ते आईने. घरात विद्यार्थी, यात्रेकरू, पाहुणे यांचा राबता. दिवसभर उसंत नाही, म्हणून लक्ष्मीबाई पहाटे अंधारात मुलीला उठवून पाठ द्यायच्या. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं ते त्या पहाटेच्या बळावर. आपण वडिलांच्या पुरोगामीपणाचं कौतुक करतो, ते करायलाच हवं. पण तास आईचे होते, आणि ते तिच्या झोपेतून आले होते.

अलीकडचं उदाहरण मुंबईच्या मालविका राज जोशीचं. दादरची शाळा तिने सातवीत सोडली, घरी शिकली, इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडमध्ये भारतासाठी तीन पदकं आणली आणि २०१६ मध्ये एमआयटीत गेली. बारावीचं सर्टिफिकेट नाही म्हणून आयआयटीचं दार तिला बंद होतं, यावर तेव्हा पुष्कळ लिहून आलं. बातम्यांत आणखी एक वाक्य होतं: मुलींना शिकवण्यासाठी आईने स्वतःची नोकरी सोडली. एमआयटी सगळ्यांच्या लक्षात राहिली, ते वाक्य फारसं कोणाच्या राहिलं नाही.

आपल्यातल्या बहुतेक बायका इथे डिपेंडंट व्हिसावर आहेत. परवानगी काढली तर आठवड्याला २८ तास काम करता येतं. म्हणजे माझे घरशाळेचे तीस तास हे कायद्याने मला मिळू शकणाऱ्या कामापेक्षा जास्त आहेत! ते मी राजीखुशीने देते, पण ते फुकट आहेत असं कोणी म्हणू नये. इंजिनिअर, सीए, प्राध्यापक असलेल्या बायका इथे आल्या आणि "आता घरी आहेसच, तर शिकव ना मुलांना" एवढ्या एका वाक्यावर घरशाळा सुरू झाली, असंही होतं. त्या वाक्याला माझा विरोध आहे.

दुसरा विरोध थोरल्या मुलीवर भार टाकण्याला. मोठ्याने धाकट्याला शिकवावं, हे मोठ्या कुटुंबाचं बलस्थान खरंच. शिकवल्याने शिकवणाऱ्याचंही पक्कं होतं. पण माझ्या ओळखीच्या एका घरात थोरलीचा अर्धा दिवस धाकट्यांच्या अभ्यासात जायचा आणि तिची स्वतःची वही कोरी. थोरला भाऊ असता तर त्याला कोणी असं बसवलं असतं का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःच्या घरी विचारून पाहावा.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. एक: शाळेत घातलं तरी डबा, गृहपाठ, पालकसभा आईच्याच गळ्यात पडतात, मग फरक काय? फरक सकाळच्या पाच-सहा तासांचा आहे. जपानी शाळा जेवणही देते. ते तास परत मिळणं ही लहान गोष्ट नाही. दुसरा: नवरा रात्री नऊला घरी येतो, तो कधी शिकवणार? सकाळी सहाला, शनिवारी, रविवारी. ज्या घरात हे अजिबातच शक्य नाही, त्या घराने मला विचारलं तर मी शाळाच सांगेन, आणि त्यात कमीपणा काही नाही.

तर ज्यांना येत्या एप्रिलपासून सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी आमच्या घरचे नियम:

१. आधी तासांचा तक्ता, मग पुस्तकं. नवऱ्याचे आठवड्याला किमान आठ तास ठरलेले हवेत, "जमेल तसं" चालणार नाही.

२. थोरल्या मुलाने किंवा मुलीने दिवसाला अर्धा तासच धाकट्यांना शिकवायचं. त्यावर नाही.

३. आईचे आठवड्यातले दहा तास तिचे. नोकरी, जपानीचा क्लास किंवा नुसती झोप, काय करायचं ते ती ठरवेल.

४. दर जानेवारीत मुलांसकट बैठक. कोणाला शाळेत जायचं असेल तर जायचं. चौघांना एकच माप लावू नका.

५. परतीची वाट आधी बघून ठेवा. भारतात आठवीपर्यंत वयानुसार वर्गात प्रवेशाची कायद्यात तरतूद आहे. एनआयओएसची दहावी चौदा पूर्ण झाल्यावर देता येते, महाराष्ट्र बोर्डाला आपला जुना सतरा नंबरचा फॉर्म आहेच. इथेच राहायचं तर जपानी हायस्कूलसाठी नऊ वर्षांचं शालेय शिक्षण किंवा त्याच्या बरोबरीची सरकारी परीक्षा लागते.

६. शाळेत होणारी डोळे, दात, उंची-वजनाची तपासणी घरी आपोआप होत नाही. कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आमची थोरली या वर्षी चौदाची होईल. तिने जानेवारीच्या बैठकीत जपानी शाळेत जायचं म्हणून हात वर केला आहे. धाकटी दोघं घरीच म्हणतायत. तिला जाऊ द्यायचं ठरलंय. भाषा अवघड जाणार, पहिले सहा महिने रडारड होणार, हे तिलाही माहीत आहे. पण घरशाळेत आम्ही तिला काही शिकवलं असेल तर स्वतःचं मत मांडायला, आणि त्याची किंमत आता आम्हीच द्यायला हवी.

तुमच्या घरचं मस्टर काय सांगतं? विशेषतः बाबा मंडळींनी लिहावं. "ती बघते सगळं" हे उत्तर धरलं जाणार नाही.

कळावे,
हिगाशी-कासाईची एक आई

ता. क. सबवे म्युझियम सोमवारी बंद असतं. मुलांना आशा लावून सोमवारी नेऊ नका.