पहारा आमचा, पेन्शन कोणाची?
इराकमधील ब्रिटिश हवाईतळांवर असिरियन ख्रिस्ती अल्पसंख्याकांच्या ‘लेव्ही’ पलटणी पहारा देत. 1933 मध्ये सिमेले येथे इराकी सैन्याने असिरियनांची कत्तल केली. ब्रिटिशांनी त्यांना वाचविले नाही. तरीही मे 1941 मध्ये हब्बानियाचा तळ राखण्यासाठी ते लढले. 1955 मध्ये तळ इराककडे गेले आणि पलटणी मोडल्या!

आमचा इतिहास वेगळा नाही. कोरेगाव लढविणाऱ्या महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिशांनीच बंद केली. म्हणून बाबासाहेबांनी सैन्यात जागा मागितली आणि घटनात्मक हक्कही मिळवून दिले.

2022 च्या अग्निपथ योजनेने वायुदलातही चार वर्षांची नोकरी आणली. कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. बाकीच्यांच्या पेन्शनचे काय? शौर्याचा अभिमान जरूर बाळगू. पण हक्क कायद्यात लिहून घेऊ!