कॅलिपरचा गंज : रंगवावा की बदलावा?



रत्नागिरीच्या एका भगिनींचं पत्र आलं आहे. यजमान बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने बाहेर. गाडी त्या स्वतःच चालवतात. सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, तेव्हा गाडी ही चैन नव्हे, गरज. गाडी ९ वर्षांची, रात्रंदिवस खाऱ्या वाऱ्यात उभी. परवा पुढच्या चाकाच्या फटींतून आत तांबडा गंज दिसला. गॅरेजवाला म्हणतो, "ताई, दोन्ही कॅलिपर गेले, नवे घाला." धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, काही नको. रविवारी मी लाल रंग मारून देतो." ऐकावं तरी कुणाचं?

मी म्हणते, ऐकण्याआधी आपण नीट बघावं. त्यासाठी इंजिनियर असावं लागत नाही, बरं का! मी स्वतः बी.ए. झालेली, अर्धवेळ शिक्षिका.

चाकाबरोबर एक लोखंडी थाळी फिरत असते, ती डिस्क. आपली सांडशी पातेल्याची कड जशी दोन्ही बाजूंनी धरते, तसा त्या थाळीला धरणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. ब्रेक दाबला की ऑईलच्या दाबाने आतला पिस्टन पुढे सरकतो, दोन्ही पॅड थाळीला घट्ट बिलगतात आणि गाडी थांबते. छोट्या गाड्यांच्या पुढच्या कॅलिपरचं अंग बहुधा बिडाचं असतं. बिडाचा तवा ओला ठेवला तर सकाळी कसा तांबूस होतो, ते आपल्याला ठाऊक आहेच. तेच इथे घडतं. हवा आणि पाणी मिळालं की लोखंड गंजतं, त्यात मीठ आलं की फारच लवकर. पण हे अंग चांगलं जाड असतं. वरवरच्या तांबूसपणाने ब्रेकची ताकद जात नाही.

गंज घातक ठरतो तो आतल्या जागी. एक पिस्टन, जो रबरी टोपीखाली असतो. दुसऱ्या त्या पिना, ज्यांवर कॅलिपर मागेपुढे सरकतो. हे अडकले की ब्रेक सोडला तरी पॅड थाळीला घासत राहतात. त्याची लक्षणं अशी : ब्रेक दाबताना गाडी एका अंगाला ओढते, फेरी मारून आल्यावर एकच चाक जास्त तापलेलं असतं (हात नुसता जवळ धरून बघा, आतल्या लोखंडाला लावू नका), जळकट वास येतो, एका बाजूचे पॅड लवकर झिजतात. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली किंवा ब्रेक ऑईलची पातळी एकदम उतरली, तर ती सर्वांत वाईट खूण. असं एक जरी लक्षण असलं, तरी रंगाचा डबा उघडूच नका. सरळ गॅरेज गाठा.

गॅरेजमध्येही "बदला" म्हटलं की मान डोलवायची नाही. शांतपणे सांगा, "चाक उतरवून मला दाखवा. पिना सरकतात का? पिस्टन मागे जातो का? रबर फाटलंय का?" पिना साफ करून त्यांचं खास ग्रीस लावणं आणि रबराची सील बदलणं एवढ्यावरही पुष्कळदा भागतं. पिस्टनवर खड्डे पडले असतील, तर मात्र पैशाकडे बघू नका.

सगळं ठीक निघालं आणि गंज वरवरचाच असला, तर भावोजींचा रविवार सत्कारणी लावा. कृती अशी :

गाडी सपाट जागी, थंड झालेली असावी. गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना लाकडी पाचरा लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅक लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करायचं नाही. खाली मजबूत स्टँड हवेतच. विटांची चळत चालणार नाही, वीट फुटते. मुलांना त्या दिवशी अंगणात फिरकू देऊ नका.

कॅलिपर सुटा करू नका. ऑईलच्या रबरी नळीला हात लावू नका आणि काम चालू असताना ब्रेक दाबू नका. काळी पूड फुंकून उडवायची नाही. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. नाकाला मास्क लावून ओल्या फडक्याने ती टिपून घ्या. मग तारेच्या ब्रशने गंज खरवडा, कोपऱ्यांत पॉलिश पेपर फिरवा, रबर सांभाळून. शेवटी ब्रेक क्लीनरचा फवारा मारून कोरडं करा. हा फवारा पेट घेतो, तेव्हा जवळ विडी-काडी नको.

आता तुम्ही म्हणाल, गंजाला आपलं रॉकेल काय वाईट? बिजागरीला खुशाल लावा, इथे नको. रॉकेलने ब्रेकचं रबर फुगतं आणि पॅडवर तेलकट अंश राहिला, तर ब्रेक लागणारच नाही.

खाचांत उरलेल्या गंजासाठी बाजारात गंज काळा करणारं औषध मिळतं. त्याच्या काही प्रकारांत टॅनिक आम्ल असतं. आवळा लोखंडी कढईत घातला की काळा पडतो ना, तीच ही क्रिया! रंगाखाली ते चालतं की नाही, हे मात्र रंगाच्या डब्यावर वाचा.

रंग कॅलिपरसाठीचा, उष्णता सोसणाराच घ्या. खिडकीचा उरलेला ऑईलपेंट तापला की करपतो आणि पोपडे धरतो. डिस्क, पॅड, रबर, पिना, ऑईल काढायची निपल आणि चाक बसतं ती जागा चिकटपट्टी व वर्तमानपत्राने झाकून घ्या. ब्रशने दोन-तीन पातळ हात द्या. एकच जाड थर दिलात तर ओघळ येतील. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या आणि रात्रभर वाळू द्या.

दुसऱ्या दिवशी चिकटपट्टी काढून चाक चढवा. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, शेवटचं आवळणं गाडी खाली टेकवून. गाडी हलवण्यापूर्वी ब्रेक दाबून तो घट्ट लागतो ना, हे बघा. पहिली फेरी घराजवळ, हळू. ५०-१०० किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासा.

पावसाळ्यात गाडी दोन दिवस उभी राहिली की डिस्कवरही तांबूस साय धरते आणि निघताना खरखर होते. चार ब्रेक लागले की ती जाते, घाबरू नका. समुद्रावरून आल्यावर चाकं गोड्या पाण्याने धुवा आणि थोडी फेरी मारून ब्रेक कोरडे करा. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं, तेव्हा साधारण दोन वर्षांनी ते बदलून घ्या. ते सांडलं तर रंग खातं, पोटात गेलं तर विषारी. बाटली मुलांच्या हाती लागता कामा नये.

रंगाने गाडी सजते, पुढचा गंजही लांबतो. पण अडकलेला ब्रेक रंगाने सुटत नाही. म्हणून ताई, आधी तपासणी, मग रंग. आणि तपासणी होईपर्यंत एखादं लक्षण दिसलंच, तर डायलिसिसच्या दिवशी सरळ रिक्षा करा.

पुढच्या अंकी पाहू, पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना येणारा कुबट वास कसा घालवायचा ते.